अळणी धिरडी

दादाचा फोन आला तेव्हा मी सोललेले मूग तोलत होते. पाचशे ग्रॅम हवे होते. काट्यावर चारशे त्र्याण्णव दिसत होते.

"रेणू, कुठं आहेस?"

"घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात."

"बसलीयस का?"

"उभी आहे."

"बस जरा."

मी बसले नाही. दादा म्हणाला, "आई गेली. पहाटे पावणेपाचला. अण्णा उठवायला गेले तर उठली नाही."

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. कोरिया भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे कराडला पाच चाळीस. आई गेल्याला पंचावन्न मिनिटं झाली होती.

"बरं," मी म्हणाले.

"आज बाराला नेणार. तू पोचणार नाहीस ते कळतंय आम्हाला. पण तू म्हणालीस थांबा, तर..."

"थांबू नका."

"आणि नंतर? येतेस का? अण्णा सारखं तेच विचारतायत."

"बघते."

"बघते म्हणजे?"

"प्रयोग चालू आहे. बहात्तर तासांचा. सोमवारी संपतो."

दादाच्या मागे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं, बहुतेक आत्या. मग तो म्हणाला, "मी पुन्हा करतो फोन. तोवर ठरव. आणि हे बघ, तू एकटी आहेस तिथं, पण अण्णा म्हणतायत, सुतक पाळ. दहा दिवस तवा चढवू नको. देवाधर्माच्या कशाला हात लावू नको."

"बरं."

फोन ठेवला तोवर काटा आपोआप बंद झाला होता. मी तो चालू केला, भांडं ठेवून शून्यावर आणला, मूग पुन्हा ओतले आणि वर सात ग्रॅम घातले.

मग मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. मिनिटाला बहात्तर. नेहमी असते तितकीच. कॉफी ओतून ठेवली होती ती प्यायले. गरम होती. गरम होती, एवढंच कळलं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि देजॉन शहरातल्या एका प्रयोगशाळेत कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करत होते. राहायला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली होती. त्यांना मी हाल्मोनी म्हणायचे, म्हणजे आजी. त्या मला 'रेणू-या' अशी हाक मारायच्या; आपण 'रेणे' म्हणतो तसं. आणि वैतागल्या की 'तराजूवाली'.

तराजूवाली, कारण काटा माझा होता. प्रयोगशाळेत सगळ्या देशांची मुलं होती आणि प्रत्येकाच्या घरी तव्यावर पातळ पीठ ओतून काहीतरी खारं भाजत किंवा तळत असत. जपानी मुलगा कोबी घालून करायचा, इटलीची मुलगी हरभऱ्याच्या पिठाचं करायची, फ्रान्सचा एक जण कुट्टूच्या पिठाचं. मी वहीत सगळ्यांची प्रमाणं उतरवून घेई: पीठ किती, पाणी किती, तवा किती तापलेला. रविवारी फोनवर आईला वाचून दाखवायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणजे धिरडंच की."

"आई, यात कोबी आहे. वर सॉस आहे. मासे आहेत."

"असू देत. धिरड्याला काय, घालशील ते चालतं."

कोरियातलं मुगाचं धिरडं मी तिला सांगितलं तेव्हा मात्र ती गप्पच झाली. मूग रात्रभर भिजवायचे, सालं चोळून काढायची, थोडे तांदूळ घालून वाटायचे, तेलावर टाकायचे. "अगं, हे तर माझंच आहे," ती म्हणाली. "तिकडं कुणी नेलं?"

आदल्या वर्षी तिचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी दिवसाला पाच ग्रॅम मीठ सांगितलं तेव्हा तिनं मलाच फोन केला. "तुझ्या त्या काट्यावर पाच ग्रॅम म्हणजे केवढं दिसतं गं?" मी मोजून सांगितलं, चहाचा एक सपाट चमचा. तिच्या एकटीसाठी वेगळं शिजवायला नको म्हणून अण्णाही तेव्हापासून अळणीच जेवत होते. ती मात्र पापड चोरून खायची, असं दादा सांगायचा.

साडेनऊला आजी बाजारातून आल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. पंधरा दिवसांपूर्वी जिन्यात पडल्या होत्या. डाव्या हातात मुगाच्या मोडांची पिशवी.

"वाटलेस का?"

"आता वाटते."

"अजून नाही? सकाळपासून काय करत होतीस, एकेक मूग मोजत होतीस?"

"हो," मी म्हणाले.

त्या हसल्या. मी सांगणार होते. वाक्य मनात कोरियन भाषेत जुळवूनही झालं होतं. पण त्यांनी मोडांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धुऊन पाण्यात टाक. मुलगा पाचला येईल, सहाला पूजा." आणि मी मोड धुवायला घेतले.

त्या दिवशी त्यांच्याकडे श्राद्ध होतं. कोरियात श्राद्धाला घरात तेलाचा वास दरवळला पाहिजे असं मानतात. आपल्याकडे माणूस गेलं की तवा उतरवतात, त्यांच्याकडे गेलेल्यांसाठी तवा चढवतात. धिरडी तळायची, एकावर एक रचायची, विषम संख्येत. लसूण नाही, तिखट नाही. आणि पूजेआधी कुणी चव बघायची नाही. हे शेवटचं ऐकून पहिल्या वर्षी मी म्हणाले होते, "आमच्याकडेही नैवेद्याची चव घेत नाहीत." त्या म्हणाल्या होत्या, "मग तुला शिकवायला काही उरलंच नाही."

मी मूग वाटले. वाटण जाडसरच ठेवायचं असतं. मग त्यातलं थोडं माझ्यासाठी वेगळं काढलं. बाकीच्यात डुकराचं मांस पडायचं होतं आणि मी ते खात नसे, म्हणून आजी दर वेळी माझी सात धिरडी आधी करायला लावायच्या, तव्याला मांसाचा वास लागायच्या आत. आधी झाली तरी खायची मात्र पूजेनंतरच.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. मधोमध शेगडी, शेगडीवर रुंद तवा. आजी भिंतीला टेकून बसल्या, मी शेगडीजवळ. मी माझ्या वाटणात मोड घातले, कांद्याची पात घातली. मीठ काट्यावर मोजून वाटीत ठेवलं. ते शेवटी घालतात, तवा तापल्यावर. आधी घातलं तर मोडांना पाणी सुटतं आणि पीठ पातळ होतं.

तेल टाकलं आणि फोन वाजला.

"घे," आजी म्हणाल्या. "तवा पळून जात नाही."

दादा होता. "तयारी चाललीय," तो म्हणाला. "आईला ती जांभळी इरकल नेसवू का, आत्या विचारतेय. तुझ्या पदवीदानाला नेसली होती ती."

"नेसवा."

"तू काय ठरवलंस?"

"अजून नाही."

"रेणू, तू रडतेयस का?"

"नाही."

"रड जरा. बरं वाटेल."

"बरं."

"कसला आवाज येतोय तिकडं?"

"तेल तापतंय," मी म्हणाले.

तो "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. तवा चढवू नको म्हणून त्यानंच सांगितलं होतं आणि मी त्याला तेल तापतंय म्हणून सांगितलं. त्यानं ते ऐकूनही सोडून दिलं.

मी पळीनं पीठ ओतलं. चर्र आवाज झाला. दुसरं ओतलं, तिसरं ओतलं.

"कोण होतं?" आजींनी विचारलं.

"भाऊ."

"काय म्हणतो?"

"साडी कुठली नेसवायची विचारत होता."

"कुणाला?"

मी उलथनं उचललं. कड अजून सुटली नव्हती. आई म्हणायची, कड आपली आपण सुटली की मगच उलथायचं, घाई केली की फाटतं. आजीही हेच म्हणत. मी उलथनं धरून बसून राहिले.

"आईला," मी म्हणाले.

आजींना त्यात काही वावगं वाटलं नसावं. सणावारी आईला साडी कुठली, हे मुलं विचारतातच. त्या धिरड्यांकडे बघत होत्या. "आता उलथ," म्हणाल्या. मी उलथलं. खालची बाजू तांबूस झाली होती, सगळीकडे सारखी. आजींनी मान हलवली.

मग त्या बोलायला लागल्या. तव्याशी बसलं की त्या बोलायच्याच. "आज कुणाची पूजा आहे माहितीय ना?"

"तुमच्या सासूबाईंची."

"मी त्यांना पाहिलंही नाही कधी. माझा नवरा उत्तरेकडचा. लढाईत सगळे दक्षिणेकडे पळत होते तेव्हा सतरा वर्षांचा होता. आईनं वाटेत खायला म्हणून मुगाची धिरडी बांधून दिली आणि सांगितलं, तू हो पुढं, चार दिवसांत सगळं निवळेल. मग मध्ये सीमा झाली. पत्र नाही, फोन नाही. पुढं लग्न झालं, मुलगा झाला. लोक म्हणायचे, आईचं श्राद्ध घाल. हा म्हणायचा, कशाला? ती आहे. तिच्या वयाची ऐंशी वर्षं भरायची त्या साली मात्र एक दिवस बाजारातून मूग घेऊन आला. मला म्हणाला, भिजव."

"तारीख कशी ठरवली?"

"नवव्या महिन्यातली नवमी. ज्यांचा दिवस माहीत नाही त्यांचा हा दिवस. तुमच्याकडे असतो का असा?"

"असतो." मी त्यांना सर्वपित्री अमावस्येचं सांगितलं.

"असणारच. अशी माणसं सगळीकडं असतात." त्यांनी प्लास्टरच्या कडेखाली बोट घालून खाजवलं. "शेवटपर्यंत दर वर्षी धिरडी तोच तळायचा, मला करू द्यायचा नाही. आणि दर वर्षी तळताना एकच बोलायचा. तिचा दिवस मला माहीत नाही. वीस वर्षं तेच ऐकलं. मी म्हणायची, पुरे, करपतंय."

सातवं धिरडं तव्यावर होतं. मी ते उलथलं, दाबलं, काढून सहांच्या वर ठेवलं. मग मी म्हणाले, "माझी आई आज वारली. पहाटे पावणेपाचला."

आजींनी पुढे वाकून डाव्या हातानं गॅस बंद केला. तेल थोडा वेळ तडतडलं आणि शांत झालं.

"कधी कळलं?"

"नऊ दहाला."

"तेव्हापासून तू इथं बसलीयस?"

"हो."

"मूग वाटत."

"हो."

त्या म्हणाल्या, "सुतकातल्या माणसानं पूजेच्या कशाला हात लावू नये. तुमच्याकडं नाही हे?"

"आहे. भावानं सांगितलंही होतं."

"मग?"

मी उत्तर शोधलं. मला विचारलं की खरं उत्तर द्यायची सवय आहे. "मला काही होत नाहीये," मी म्हणाले. "सकाळपासून काहीच वाटत नाहीये. नाडीसुद्धा बहात्तर आहे. घरी जाऊन त्यांच्यात बसले आणि तिथंही काही वाटलं नाही तर काय करू? इथं निदान काम होतं."

हे मी पहिल्यांदाच बोलले होते. प्रयोगाचं कारण खोटं होतं. नमुने काढायला दोघं जण एका शब्दावर तयार झाले असते.

आजींनी तोंडानं फक्त 'च्' केलं. "विमान आहे?"

"आठचं आहे. मुंबईपर्यंत."

"पासपोर्ट कुठंय?"

"वर."

"तिकिटाला पैसे?"

"आहेत."

"म्हणजे रस्ता आहे." त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. "त्याच्याकडं दिवस नव्हता आणि रस्ता नव्हता. तुझ्याकडं दोन्ही आहे, दिवस तर मिनिटासकट आहे. आणि तू मला विचारतेस काय करू. जा, बॅग भर."

"तुमची पूजा? तुमचा हात..."

"दुसरा आहे ना."

मी वर जाऊन बॅग भरली. तिकीट काढलं, दादाला लिहिलं: येते. खाली आले तर आजींनी माझी सातही धिरडी एका डब्यात भरून रुमालात बांधली होती. एका हातानं आणि दातांनी गाठ मारली असावी; गाठ ओली होती.

"अजून पूजा व्हायचीय," मी म्हणाले. "आधी त्यांना दाखवायचा असतो ना नैवेद्य."

"ती थांबेल," आजी म्हणाल्या. "तिला सवय आहे."

विमानात जेवण आलं. भात, पनीर, कोशिंबीर. मी सगळं संपवलं. सगळं एकसारखं लागलं. विमानातल्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात चव कमी लागते हे मला माहीत होतं, म्हणून मी तो पुरावा धरला नाही. मुंबईला उतरल्यावर बसची वाट बघताना चहा घेतला. गरम होता. चहा वाईट असू शकतो. बसमध्ये शेजारच्या बाईंनी चिवडा पुढे केला. मी घासभर घेतला. दाण्याचा दाणा लागला, पोह्याचा पोहा. तेव्हा मात्र मी खिडकीबाहेर बघत हिशेब मांडला. तीन वेगळे पदार्थ, तीन वेगळ्या जागा. कॉफी धरली तर चार. समान गोष्ट एकच, खाणारी जीभ.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेरच्या खोलीतली गादी काढलेली, कोपऱ्यात दिवा, फरशी धुतलेली. दादाचं डोकं भादरलेलं. तो मला बघून उठला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामेजलेली होती. आत्यानं मला जवळ घेतलं, "आली गं बाई माझी" म्हणाली. मी तिच्या खांद्याशी श्वास मोजले. चौदा झाले तेव्हा तिनं सोडलं.

अण्णा खुर्चीत होते. "आलीस?" म्हणाले.

"आले."

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"कालपासून नाही," आत्या म्हणाली. "शेजारच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला, हात लावला नाही. तू सांग बाई."

मी बॅगेतून डबा काढला, गाठ सोडली. चोवीस तास उलटून गेले होते; वास घेऊन पाहिला, ठीक होतं. धिरडी गार होऊन एकमेकांना चिकटली होती.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"तिकडच्या आजींनी दिलंय. मुगाचं करतात ते."

अण्णांनी वाकून बघितलं. "म्हणजे धिरडंच की," ते म्हणाले.

दादानं मान फिरवली. मी अण्णांना एक वाढलं. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. दुसरा मोडला. दादालाही दिलं. ज्यानं अग्नी दिला त्यानं दहा दिवस अळणी खायचं असतं. पण त्यानं विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. तोही खाली मान घालून खात राहिला. आत्यानं अर्धं घेतलं. खोलीत फक्त चावण्याचा आवाज होता.

मग मी एक तुकडा तोंडात टाकला.

मूग लागले. मोडांची कुरकुर लागली, जुनं तेल लागलं. आणि मध्ये जिथं काहीतरी असायला हवं तिथं काही नव्हतं. मी दुसरा तुकडा खाल्ला. तेच. मी समोर बघितलं. तिघंही खात होते, कुणाचा चेहरा बदलला नव्हता. म्हणजे धिरडी चांगली होती. बिघाड माझ्यात होता. मी तुकडा तोंडात तसाच धरून बसले. वाटलं, हे आता असंच राहणार. आई गेली आणि माझं जे काय होतं ते तिच्याबरोबर गेलं, आणि मला तेही नीट जाणवत नाहीये.

मग लक्षात आलं की यांतलं कुणीच पुरावा म्हणून चालत नाही. अण्णा दीड वर्ष अळणी खातायत. दादा अळणीच खायचं म्हणून खातोय. आत्या सुतकातल्या घरात वाढलेल्या अन्नाला नावं ठेवणार नाही.

"दादा," मी म्हणाले. "याला मीठ आहे का?"

"हं?"

"चव घेऊन सांग. मीठ आहे का यात?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग एक कपटा तोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. लहानपणी त्याच्याशी पैज लागली की असंच करायचा.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"अजिबात नाही. अळणी आहे. का गं?"

मला तो काटा दिसला. काट्याशेजारची वाटी दिसली, मोजलेल्या चमचाभर मिठाची, तशीच. तेल टाकलं आणि फोन वाजला. मीठ मी घातलंच नव्हतं. मग मी सात धिरडी केली, आणि गेलेल्यांचं म्हणून कुणी चाखून बघितलं नाही.

"मीठ राहिलं," मी म्हणाले. "माझ्याकडून राहिलं. फोन आला ना तुझा. मी मोजून ठेवलं होतं."

"तुझ्याकडून?" आत्या म्हणाली. "म्हणजे तू केलीस ही? सुतक कळल्यावर तवा ठेवलास?"

मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा ताटलीतला शेवटचा तुकडा बघत होते. "किती घालायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"पाच ग्रॅम," मी म्हणाले, आणि माझा आवाज मध्येच फाटला.

अण्णांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि ताटली पुढे केली. "अजून एक वाढ," ते म्हणाले. "आम्हाला असंच लागतं."

मी वाढलं. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. कुणी बंद कर म्हणालं नाही.